हिरव्या पट्टीची लेन्स

९ फेब्रुवारी

गेली!

चारशे मीटरची फेरी. तिसऱ्या लेनमधली मुलगी दातओठ खात रेषेवर येतेय, मी बटण दाबते, आणि माझी लेन्स — घर्र, घर्र, खट्. मग चिडीचूप. मुलगी पहिली आली. माझ्या फोटोत ती म्हणजे धुक्यातून चाललेलं एक लाल गाठोडं आहे.

साहेबांना तेच पाठवलं. लगेच फोन. "हे काय आहे?"

म्हटलं, वेग.

"वेग छापता येत नाही," म्हणाले, आणि फोन ठेवला.

१० फेब्रुवारी

सर्व्हिस सेंटर. काउंटरवरचा माणूस: "मॅडम, मोटर जळलीय. या मॉडेलचे पार्ट यायचे बंद झाले." सांगताना चेहऱ्यावर असं समाधान, की जणू त्यानेच बंद केलेत.

११ फेब्रुवारी

रडले. मग चहा प्यायले. मग पुन्हा रडायचा मूडच राहिला नाही.

१२ फेब्रुवारी

परिस्थिती शांतपणे लिहून काढावी म्हणून बसलेय. शांतपणा अजून आलेला नाही, पण लिहिते.

सात वर्षं मी या पेपरच्या क्रीडा पानासाठी फोटो काढतेय. कामापुरती बोलावतात, कामापुरते पैसे देतात. साहेबांनी जानेवारीत सांगितलं — एक फोटोग्राफर कायम करायचाय. मी, नाहीतर ड्रोनवाला. (ड्रोनवाल्याला माणसाचा चेहरा काढता येत नाही. त्याच्या फोटोत सगळे खेळाडू मुंग्या असतात. पण साहेबांना नव्या गोष्टींचं भारी कौतुक!) दर वर्षीसारखी पंधरा मार्चला हंगामाची अंतिम स्पर्धा. तिचे फोटो बघून ठरवणार.

म्हणजे मला पंधरा मार्चच्या आत लांबची लेन्स पाहिजे. नवी परवडत नाही. नवीची किंमत ऐकून सासूबाई म्हणाल्या, "एवढ्यात तर आपण ते सगळे खेळाडूच घरी आणून ठेवू."

नवऱ्याचं म्हणणं, वापरलेली घे. पण तपासून. नवरा विमा कंपनीत आहे. लोकांचे अपघात खरे की खोटे हे तो ठरवतो. ऑफिसात पगार घेऊन, घरी फुकट.

१४ फेब्रुवारी

बगळा लेन्स विकतोय!! तीच. मोठी. वीस वर्षं खांद्यावर नाचवलेली.

ड्रोनवाल्याने सांगितलं. खांदा निकामी झालाय म्हणे, डॉक्टरांनी जड उचलायला सक्त मनाई केलीय. ही अंतिम स्पर्धासुद्धा तो खुर्चीत बसून बघणार, मग निवृत्त.

बगळा म्हणजे दुसऱ्या पेपरचा फोटोग्राफर. उंच, काटकुळा, मान पुढे, एका पायावर भार टाकून तासन्‌तास उभा. वयाने माझ्या वडिलांच्या आसपास. तोंडावर मी त्याला दादा आणि तुम्ही म्हणते. पण बगळा हे नाव त्यालाही पक्कं माहीत आहे. फोन ठेवताना स्वतःच म्हणतो, "चल, ठेवतो. बगळा." इथे वहीत कोण ऐकतंय — म्हणून तो.

शर्यत जिथे संपते तिथे दोरी लावून आम्हा फोटोग्राफरांसाठी एक कोपरा केलेला असतो. आम्ही त्याला गोठा म्हणतो. सकाळी लवकर जायचं, आपापल्या रंगाच्या चिकटपट्टीने जमिनीवर चौकोन आखायचा. तेवढीच आपली जहागीर. दुसऱ्याच्या चौकोनात पाऊल टाकायचं नाही, हा गोठ्याचा एकमेव कायदा. माझी पट्टी पिवळी, बगळ्याची हिरवी. लेन्सच्या तोंडालाही त्याने तीच हिरवी गुंडाळलेली असते, ओळखू यावी म्हणून. सात वर्षं आमचे चौकोन शेजारी. त्याचा उजवा खांदा माझ्या डाव्या कानाशी. तो श्वास कधी रोखतो तेही मला कळतं.

एवढं ओळखते, म्हणूनच धास्ती! लेन्स चांगली असती तर भाच्याला नसती का दिली? (भाचा लग्नाचे फोटो काढतो.)

१५ फेब्रुवारी

ऑफिसात गेले होते. कॉलेजची सात-आठ पोरं कामकाज बघायला आलेली. साहेबांनी मला पुढे केलं — "हिला विचारा, बूट हिचाच."

बूट म्हणजे माझा फोटो. पाण्याच्या मशिनच्या वर फ्रेम करून लावलाय. चार वर्षांपूर्वीची अंतिम स्पर्धा, पंधराशे मीटर. शेवटच्या दहा मीटरला त्या मुलीचा बूट पायातून सुटला, हवेत उडाला, आणि ती एका अनवाणी पायाने रेषा ओलांडून पहिली. फोटोत बूट तिच्या डोक्यावर तरंगतोय. गोठ्यात चौदा जण होतो. बूट एकटीला मिळाला.

पोरांना नेहमीचं सांगितलं. "फोटो एका पावलात असतो. मी जिथे होते तिथून बूट तिच्या डोक्यामागे लपत होता. मी एक पाऊल सरकले. पायात कोणाची तरी बॅग आली, ती लाथेने उडवली, पण डोळा कॅमेऱ्यावरून काढला नाही!" पोरांचे डोळे मोठे. एकीने विचारलं, "मॅडम, फोटो आहे तसाच छापला?" म्हटलं, कडेला काहीतरी काळं आलं होतं, तेवढं कापलं. बाकी तस्साच.

हे सांगताना मी दर वेळी थोडी उंच होते. आज तर दाराला डोकं लागलं असतं.

१७ फेब्रुवारी

बगळ्याच्या घरी गेले. दोन खोल्या, एकीत तो, एकीत त्याचं सामान. सामानाची खोली मोठी आहे.

लेन्स टेबलावर टॉवेलवर ठेवलेली. काय तिची दशा! रबर एका बाजूने टकलं. एका कुशीचा रंग पार गेलाय, कारण शेवटच्या दहा मीटरला बगळा मोठी लेन्स मोनोपॉडसकट — म्हणजे त्या एका पायाच्या स्टँडसकट — खांद्याला टेकवून ठेवतो आणि गळ्यातला छोटा कॅमेरा उचलतो. आम्ही सगळेच तसं करतो. पण वीस वर्षं केलं की रंग जातो. लेन्सचाही, खांद्याचाही.

टॉर्च लावून आत बघितलं. धूळ — घर झाडून काढावं एवढी. कडेला बुरशीचा एक बारीक धागा. स्क्रूंच्या डोक्यांवर ओरखडे, म्हणजे कोणीतरी उघडलीय. आणि तोंडापाशी, हिरव्या पट्टीच्या जरा मागे, पोचा! अंगठा बसेल एवढा.

"हे काय?"

"पडली होती एकदा."

"कशी?"

"गर्दीत."

"कधी?"

"झाली की चार-पाच वर्षं. चहा घेतेस?"

चहा आणायला गेला तो पंधरा मिनिटं आलाच नाही. घरात दोनच खोल्या आहेत! माणूस चहात एवढा वेळ घालवतो तेव्हा काहीतरी लपवतोय.

दोन दिवस वापरून बघ म्हणाला. घेऊन आले.

१८ फेब्रुवारी

पोच्याविषयी माझे अंदाज:

दारू. (पण बगळा पीत नाही. सुपारीसुद्धा नाही.)

रागाच्या भरात आपटली. (बगळ्याला राग आलेला कोणी पाहिलेला नाही. एकदा पोलो खेळणाऱ्यांचा घोडा त्याच्या पायावर उभा राहिला, तर हा घोड्याला "जरा सरकता का" म्हणाला.)

डुलकी! उभ्या उभ्या डुलकी लागली आणि हातातून निसटली. हे शक्य आहे. बगळे उभ्यानेच झोपतात.

१९ फेब्रुवारी

बाल्कनीतून चाचणी. समोर गच्चीवर वाळत घातलेले कपडे — टाके मोजता येतात. लांबचा पाण्याच्या टाकीवरचा कावळा — त्याच्या डोळ्यात मी दिसतेय असा भास झाला. फोकस करताना मोटर जरा खाकरते, पण पकडते घट्ट. मग अंगणात पेपर वाचत बसलेल्या सासूबाई. वरून नेम धरला, एकच फोटो.

त्यांना दाखवला ही माझी चूक. हनुवटीवरचे तीन केस वेगवेगळे मोजता येत होते.

"पुसून टाक."

"अहो, लेन्स किती धारदार आहे ते बघा—"

"आधी पुस. मग काय ती धार बघू."

पण फोटोचा उजवा कोपरा मऊ येतो, म्हणजे पुसट. लेन्सचं आतलं भोक पूर्ण उघडलं की उजवीकडचं सगळं लोणी. पडल्यामुळेच! कुठली तरी काच आत कलंडली असणार. आज मऊ आहे, उद्या तुटली तर? पंधरा मार्चला, त्या शेवटच्या दहा मीटरला? एकदा पडलेल्या वस्तूचा भरवसा काय? मला झोपेपर्यंत तो कोपराच दिसत होता.

२१ फेब्रुवारी

जेवताना नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने घास तसाच हातात धरून प्रश्न विचारायला सुरुवात केली. वस्तूचं वय. अपघाताचा इतिहास. कोणी पाहिलं. विमा होता का.

विम्याचं मला माहीत होतं. बगळ्याच्या पेपरने सगळ्यांच्या सामानाचा उतरवलेला होता, तो नेहमी सांगायचा.

"मग त्याने भरपाई मागितली?"

नाही. दुरुस्ती स्वतःच्या खिशातून केली, हे तो लेन्स देताना बोलून गेला.

नवऱ्याने घास खाली ठेवला. "फॉर्मवर लिहावं लागतं, अपघात कसा झाला. दुसऱ्या कोणाच्या चुकीने झाला असेल तर त्याचं नाव. ज्याला कारण लिहायचं नसतं तो फॉर्मच भरत नाही. बावीस वर्षं बघतोय. स्वतःची चूक असली की माणूस गप्प बसतो."

म्हणजे बगळ्याचीच चूक! मला आतून एक घाणेरडा आनंद झाला. का ते नीट सांगता येत नाही. सात वर्षं त्या माणसाची एक चूक शोधतेय मी.

२२ फेब्रुवारी

दोन दिवस म्हणाला होता, पाच झाले. फोन केला. "ठेव गं," म्हणाला. "ती इथे नुसती भिंतीकडे बघत बसते."

२४ फेब्रुवारी

घड्याळजींकडे गेले. ते पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे, आता लेन्स करतात. दुकान एवढं अरुंद, की गिऱ्हाईक आत आलं की घड्याळजींना श्वास बाहेर सोडावा लागतो. लेन्स हातात घेतल्या घेतल्या म्हणाले, "अरे, ही आली का परत!"

यांनीच दुरुस्त केलेली! मी तर खजिन्यावर पाय पडल्यासारखी उभी राहिले.

डोळ्याला भिंग लावून वीस मिनिटं बघत होते. मग: "बुरशी जुनी आहे, वाढत नाहीये. धुळीने फोटोला काही होत नाही, धूळ बघून फक्त गिऱ्हाईक घाबरतं. कोपरा मऊ राहणारच. एक काच कलली होती, मी बसवली, पण आईच्या पोटातून आल्यासारखी नाही बसत ती. बाकी ही तुझ्यामागेही टिकेल."

"पडली कशी?"

"ते मला काय ठाऊक? पण काँक्रीटवर पडलीय. खांद्याच्या उंचीवरून, मोनोपॉडसकट, पुढच्या बाजूला. टाकलेली नाही. टाकलेली वस्तू अशी नाही पडत. हिच्या खालचा पाय गेला."

"खालचा पाय कसा जाईल?"

"निसटला असेल. सरकवला असेल कोणी. मला पोचा दिसतो बाई, माणसं नाही दिसत."

मग त्यांनी वही काढली. प्रत्येक कामाची नोंद असते त्यांच्याकडे. पानं उलटत गेले. चार वर्षांपूर्वी, सोळा मार्च. "पडली. काँक्रीट. पुढची कड, एक काच." कारणाच्या रकान्यात नुसतं: "गर्दी."

सोळा मार्च! म्हणजे पंधरा मार्चला पडली. अंतिम स्पर्धेत. ज्या दिवशी मी बूट काढला त्याच दिवशी!

२५ फेब्रुवारी

आता सगळं जुळलं. त्या दिवशी पंधराशे मीटरचा बगळ्याचा एकही फोटो नव्हता. त्याच्या पेपरने दुसरीकडून मागवून छापला. मला चांगलं आठवतं, कारण दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हटलं होतं, "काय दादा, डुलकी लागली का?" सगळा गोठा हसला. तोही हसला.

डुलकीच लागली होती! मी गमतीत बोलले आणि ते खरं निघालं. हाताखालून मोनोपॉड सुटला, लेन्स पडली, फोटो गेला. म्हणून विमा नाही, म्हणून "गर्दी", म्हणून पंधरा मिनिटांचा चहा. बिचारा. चार वर्षं लाज दाबून बसलाय.

बिचारा वगैरे ठीक आहे. पण किंमत कमी करायला यापेक्षा चांगलं कारण मला मिळायचं नाही.

२७ फेब्रुवारी

घेतली!!!

सगळं लिहून ठेवते, कारण मी आज जे केलं त्याला थोडी हिंमत लागते.

बगळा खुर्चीत, हात गळ्यात अडकवलेला. मी उभीच राहिले. किंमत जास्त आहे म्हटलं. मग मी म्हटलं, "दादा, ही पडलेली लेन्स आहे. चार वर्षांपूर्वी, अंतिम स्पर्धेत, पंधराशे मीटरला. कशी पडली तेही मला कळलंय."

त्याने मान वर केली.

"कळलंय?"

"सगळं."

"कोण बोललं?"

"कोणी नाही. माझं मीच शोधलं."

त्याचा चेहरा असा सैल झाला, की मला वाटलं आता रडतो की काय. "बरं झालं," म्हणाला. "मला कधी सांगता आलं नसतं ते." मग एकदम डोळे बारीक केले. "आणि हे सगळं कळूनसुद्धा तू घासाघीस करतेयस?"

"कळलं म्हणूनच तर करतेय!"

बापरे! असा हसला, असा हसला! खांदा धरून, खोकून, डोळे पुसून. शेजारीण दारात येऊन बघून गेली. "कमाल आहे तुझी. कमाल आहे. अगं, चार वर्षं मी उगाच घाबरत होतो, की तुला कळलं तर तू खचशील."

मी का खचेन? डुलकी त्याची! पण म्हटलं, हसतोय तर हसू दे. त्याने किंमत मी म्हटलं त्याच्याही खाली आणली. निघताना म्हटलं, "पडली तेव्हा ओरडलात तरी का?" तर म्हणे, "नाही. समोर काहीतरी चांगलं चाललं होतं. अशा वेळी आवाज करायचा नसतो."

झोपलेला माणूस कसा ओरडेल! तरी बोलणं किती ऐटीत. मला त्या क्षणी तो फार आवडला, हेही लिहून ठेवते.

२८ फेब्रुवारी

नवऱ्याला सौदा सांगितला. म्हणाला, "तू आमच्या खात्यात ये."

३ मार्च

हिरवी पट्टी काढली. तासभर लागला. पट्टीवर पट्टी, थरावर थर. सगळ्यात आतल्या थराखाली कडेला एक चीर, डिंकाने चिकटवलेली. बगळ्याने ती पट्टीखाली झाकून ठेवली होती. हिरवा डिंक काही जाईना. रॉकेल लावलं, नेलपॉलिश पुसायचं लावलं, सासूबाईंनी नखाने खरवडलं. शेवटी त्यावरच पिवळी गुंडाळली. कडेने थोडं हिरवं दिसतंय. दिसू दे.

९ मार्च

सराव. मैदानावर कोणी नाही, फक्त गवत कापणारा. त्याचेच दोनशे फोटो काढले. आता तो रोज केस विंचरून येतो.

१४ मार्च

उद्या. लेन्सला हात लावून लावून पट्टी मळली.

१५ मार्च

झाली स्पर्धा! पाय दुखतायत, हात दुखतायत, आणि मी घरभर नाचतेय.

पहाटे गोठ्यात पिवळा चौकोन आखला. शेजारी हिरवा नाही, हे बघून कसंतरी झालं. ड्रोनवाला तिथे घुसायला बघत होता. मी म्हटलं, "ती जागा भरलीय." माझ्याच खिशात बगळ्याच्या पट्टीचं उरलेलं रीळ होतं, लेन्सबरोबर दिलेलं. मीच हिरवा चौकोन आखला. दिवसभर रिकामा ठेवला.

बगळा वर खुर्चीत, मान पुढे.

लेन्स एकदासुद्धा चुकली नाही. एकदासुद्धा! खाकरायची, आणि पकडायची. रिलेच्या शेवटच्या मुलीने काठी घेतली तेव्हा तिच्या आणि देणारीच्या बोटांमध्ये एक तसूभर हवा होती, तीसुद्धा फोटोत आलीय. मऊ कोपऱ्यात नेमका ड्रोनवाला आला. लोण्यात.

खाली उतरल्यावर बगळा म्हणाला, "चालतेय?"

"पळतेय," म्हटलं.

२२ मार्च

कायम!

साहेबांनी पत्र हातात दिलं. वर म्हणाले, "रिलेचा फोटो उत्तम. पण खरं सांगू, माझं मन चार वर्षांपूर्वीच झालं होतं. बूट बघितला त्याच दिवशी. वर पटवायला वेळ लागला."

नवऱ्याने पत्र तीन वेळा वाचलं, बारीक अक्षरातलंही. सासूबाई म्हणाल्या, आता माझा एक चांगला फोटो काढ. लांबून.

२४ मार्च

परवा संध्याकाळी बगळ्याचा निरोपसमारंभ. गोठ्यातले सगळे येणार. भाषण मी करायचं असं ठरलं. मला विचारलं नाही, नुसतं ठरलं.

कल्पना सुचलीय! त्या पंधराशे मीटरला मी बटण दाबून धरलं होतं, लागोपाठ फोटो निघाले असणार. आणि तो माझ्या शेजारीच होता. पडणाऱ्या लेन्सचा, नाहीतर झोपलेल्या बगळ्याचा एखादा तुकडा कडेला आला असेल तर मोठा करून पडद्यावर दाखवते. "दादांची सगळ्यात महाग डुलकी." हसून हसून पुरेवाट होईल. त्याची तर नक्कीच.

जुनी हार्डडिस्क माळ्यावर आहे. नवऱ्याला शिडी धरायला लावते.

२६ मार्च, सकाळ

सापडले. तीन फोटो. मधला बूट. न कापलेला, जसा निघाला तसा.

पहिल्यात डाव्या कडेला काहीतरी काळं, धूसर, उभं. दुसऱ्यात, बूट हवेत असताना, तेच काळं तिरकं झालंय, आणि त्याच्या टोकाला हिरवं आहे. तिसऱ्यात काळं नाही. फक्त दादांचा हात आहे. पुढे केलेला, रिकामा.

मी एक पाऊल सरकले होते ते डावीकडे.

संध्याकाळी सहाला भाषण आहे.

ती बॅग नव्हती.